दहाव्या आठवड्याची लस राहिली. आता पहिल्यापासून सुरू करायचं का?

पत्र: माझं पहिलं बाळंतपण माहेरी, लातूर जिल्ह्यात झालं. मुलगी ४ मेची. जन्मल्यावर सरकारी दवाखान्यातच बीसीजी (क्षयरोगावरची लस), पोलिओचे थेंब आणि कावीळ-बची लस दिली. पुढची लस २० जूनला गावच्या आरोग्य केंद्रात झाली. जुलैत दुसऱ्या डोसच्या वेळी तिचं नाक वाहत होतं, म्हणून आई म्हणाली, राहू दे. ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याला सासरी आलो आणि ते मागेच पडलं. आता ती चार महिन्यांची आहे, वजन ६ किलो. शेजारच्या काकू म्हणतात, खंड पडला की सगळं पहिल्यापासून घ्यावं लागतं. खासगी डॉक्टरांनी एकाच सुईतली ‘पेनलेस’ लस सुचवली, पण ती आमच्या खर्चात बसत नाही. सासूबाईंना एका दिवशी तीन सुया पटत नाहीत. शिवाय तिच्या दंडावर बीसीजीची खूणही उठलेली नाही. काय करू?

उत्तर:

ताई, आधी काकूंच्या शंकेचं पाहू. पहिल्यापासून काहीही सुरू करायचं नाही. २० जूनला जे डोस मिळाले ते मिळाले. ते बाद होत नाहीत. जिथे थांबलात तिथून पुढे चालायचं.

असं का, तेही सांगतो. पहिल्या डोसने शरीराला त्या जंतूची ओळख होते आणि ती ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी तयार होतात. या पेशी चार-सहा महिन्यांत विसरत नाहीत. दुसरा डोस उशिरा मिळाला तरी त्या जाग्या होतात आणि संरक्षण झपाट्याने वाढतं. उलट दोन डोसांत चार आठवड्यांपेक्षा कमी अंतर असेल, तर पहिल्या डोसचं काम पुरं व्हायच्या आतच दुसरा येतो आणि त्याचा उपयोग नीट होत नाही. असा घाईने घेतलेला डोस धरला जात नाही. वेळापत्रकातले ६, १० आणि १४ आठवडे म्हणजे मधलं कमीत कमी अंतर आहे. जास्तीत जास्त किती, याला तशी सीमा नाही.

पण याचा अर्थ ‘मग सावकाश जाऊ’ असा घेऊ नका. उशिराने डोस फुकट जात नाही, मात्र तेवढे दिवस बाळ अर्धवट संरक्षणावर राहतं. डांग्या खोकला सगळ्यात घातक ठरतो तो सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना. मोठ्या मुलाला खोकल्याची उबळ येते. एवढ्या लहान बाळाचा कधी कधी श्वासच थांबतो, ओठ निळे पडतात. एका डोसने मिळणारं संरक्षण अपुरं असतं. म्हणून सवडीने नको, याच आठवड्यात जा.

जाण्याआधी घरात एक काम करा. माता बाल संरक्षण कार्ड काढा आणि २० जूनच्या ओळीत नक्की काय लिहिलं आहे ते वाचा. दीड महिन्याच्या बाळाला पाच गोष्टी मिळायला हव्यात: पोलिओच्या थेंबांचा पहिला डोस, जुलाबांवरच्या रोटाव्हायरस लसीचा पहिला डोस (तोही तोंडावाटेच), पेंटाव्हॅलंटची पहिली सुई (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब या पाच रोगांवरची एकत्र लस), न्यूमोनियावरच्या न्यूमोकोकल म्हणजे पीसीव्ही लसीची पहिली सुई आणि पोलिओच्या इंजेक्शनचा पहिला छोटा डोस, ज्याला कार्डावर एफआयपीव्ही लिहितात. पाचही रकान्यांत तारीख आहे का, हे बोट ठेवून पाहा. एखादा रकाना रिकामा असेल तर त्या दिवशी ती लस संपलेली असू शकते. तसं असेल तर ती लस आता पहिला डोस म्हणून सुरू होईल, बाकीच्यांचा दुसरा. हे आपण होऊन नर्सताईंच्या नजरेस आणा, कारण गर्दीच्या दिवशी प्रत्येक ओळ वाचली जाईलच असं नाही.

पाचही मिळाले आहेत असं धरून पुढचा हिशेब मांडतो. समजा, तुम्ही १० सप्टेंबरला गेलात. त्या दिवशी बाळ १८ आठवड्यांचं असेल आणि आधीच्या डोसला ८२ दिवस, म्हणजे ११ आठवडे ५ दिवस झालेले असतील.

पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि रोटा यांना दोन डोसांत किमान ४ आठवडे लागतात. ते केव्हाच उलटले, त्यामुळे या तिन्हींचा दुसरा डोस मिळेल. पीसीव्ही आणि एफआयपीव्ही यांना मात्र ८ आठवड्यांचं अंतर लागतं, म्हणून नेहमीच्या वेळापत्रकात ते १० आठवड्यांना नसतात, १४ आठवड्यांना असतात. तुमच्या बाबतीत ते ८ आठवडेही झालेत आणि बाळही १४ आठवड्यांच्या पुढे आहे. म्हणजे या दोन्हींचा दुसरा डोसही त्याच दिवशी घेता येतो. नर्सताई कदाचित म्हणतील, ‘हे दोन पेंटाच्या तिसऱ्या डोसबरोबर असतात.’ कार्डाच्या ओळीप्रमाणे त्या चुकीचं बोलत नसतात. तरी २० जूनची तारीख दाखवून शांतपणे विचारा. त्यांनी पुढच्या वेळी द्यायचं ठरवलं तरी बिघडत नाही, फक्त ते राहून जाणार नाही याची आठवण तुम्ही ठेवायची.

त्यानंतर २८ दिवस, म्हणजे ८ ऑक्टोबर. त्याच्या आधी नाही, नंतर चार-दोन दिवस चालतील. त्या दिवशी पेंटाचा तिसरा, पोलिओ थेंबांचा तिसरा आणि रोटाचा तिसरा. सगळं वेळेवर झालं तर त्या दिवशी एकच सुई.

आता सासूबाईंची तीन सुयांची काळजी. ती मायेपोटी आहे, तिला नीट उत्तर द्यायला हवं. १० सप्टेंबरला डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत पीसीव्ही आणि उजव्या दंडाच्या कातडीत एफआयपीव्ही दिली जाईल. पहिल्या दोन लसी अर्धा अर्धा मिलिलिटर, तिसरी जेमतेम ०.१ मिलि. जन्मल्यापासून बाळाच्या तोंडात, नाकात, पोटात रोज असंख्य जंतू जात असतात आणि तिचं शरीर त्यांना तोंड देत असतं. त्यापुढे या लसींतले घटक मोजकेच आहेत. लसी एकत्र दिल्याने त्यांचा परिणाम कमी होत नाही, बाळावर जादा भारही पडत नाही. तीन सुयांचं रडणं पाच-दहा मिनिटांत थांबतं. तेच तीन दिवसांत वाटलं तर बाळ तीनदा रडेल, तुम्हाला तीन हेलपाटे पडतील आणि त्यातला एखादा पुन्हा सर्दीमुळे चुकेल. एकदा हा अनुभव तुम्ही घेतलाच आहे.

दुखणं कमी करायचे साधे उपाय आहेत. तोंडावाटेच्या लसी आधी द्यायला सांगा, कारण रडणारं बाळ थेंब नीट गिळत नाही. सुयांच्या वेळी बाळाला आडवं झोपवून हातपाय दाबून धरू नका. मांडीवर, छातीशी, थोडं उभं धरा आणि जमलं तर अंगावर पाजत राहा. पोलिओ किंवा रोटाच्या थेंबांनंतर अर्धा तास दूध देऊ नये, हा समज चुकीचा आहे. अंगावरचं दूध आधी, मध्ये, नंतर, केव्हाही चालतं. शांत करायला मध मात्र चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, मग तो गुटीत असो की बोटावर. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, हळदही लावायची नाही. आणि कुणी कमरेवर सुई द्यायला निघालं तर थांबवा. बाळाच्या लसींची जागा मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या अंगाला असते. कमरेच्या चरबीत लस नीट काम करत नाही आणि तिथे पायाकडे जाणारी मोठी नस असते.

थेंब झालेले असताना पोलिओचं इंजेक्शन कशाला, असं तुमच्या घरात विचारलं जाईल. देशातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. एप्रिल २०१६ पासून थेंबांतला दोन नंबरचा विषाणू काढून टाकला गेला. त्या विषाणूपासून संरक्षण आता इंजेक्शनच देतं, आणि थेंब आतड्यात विषाणूची वाढ रोखतात. दोन्हींचं काम वेगळं आहे. पल्स पोलिओच्या रविवारी पाजलेले थेंबही जादाचे असतात. त्यामुळे कार्डावरचा डोस भरून निघत नाही, आणि ते थेंब घेतले म्हणून नेहमीचा डोस टाळायचाही नाही.

‘पेनलेस’ लसीचं नाव जरा फसवं आहे. सुई तीच, टोचण्याची वेदना तीच. फरक आहे तो डांग्या खोकल्याच्या भागात. सरकारी पेंटाव्हॅलंटमध्ये तो जंतू मारून अख्खा वापरलेला असतो. महागड्या लसीत त्याचे निवडक तुकडे असतात. अख्ख्या जंतूच्या लसीने ताप आणि मांडीची सूज जास्त येते, हे खरं. पण डांग्या खोकल्यापासून तिचं संरक्षण जास्त टिकतं, हेही तितकंच खरं. महागड्या लसीत काही खोट आहे असं नाही, ती घेणाऱ्यांनी निश्चिंत घ्यावी. मात्र ती परवडत नाही म्हणून तुमच्या मुलीला काही कमी मिळतंय, हे ओझं मनावरून उतरवा. महापालिकेच्या दवाखान्यात पेंटा, पीसीव्ही, रोटा सगळं मोफत आहे. एकट्या पीसीव्हीच्या एका डोसला बाहेर काही हजारही मोजावे लागू शकतात.

पुढेमागे एखादा डोस खासगीत घ्यावा लागलाच, तर एक गोष्ट सांभाळा. सहा रोगांच्या एकत्र लसीत पोलिओचं पूर्ण इंजेक्शन आलेलं असतं, मग त्या दिवशी वेगळी एफआयपीव्ही लागत नाही. रोटाचेही काही ब्रँड दोन डोसांचे असतात, सरकारी तीन डोसांची. दोन्हींची सरमिसळ झाली तर एकूण तीन डोस पुरे करायचे. म्हणून खासगी डॉक्टरांकडे जातानाही तेच कार्ड न्या, लसीचं नाव आणि तारीख त्यावरच लिहून घ्या. दोन ठिकाणी दोन कार्डं झाली की घोळ सुरू होतो. गावचं कार्ड पुण्यात चालतं, नवीन करायची गरज नाही. रहिवासी दाखला नाही म्हणून बाळाची लस अडत नाही.

बीसीजीची खूण उठली नाही, म्हणून पुन्हा टोचायचं नाही. बहुतेक बाळांना दोन-तीन आठवड्यांनी डाव्या दंडावर बारीक पुटकुळी येते, ती वाढते, त्यातून थोडा पू येतो, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत छोटा व्रण उरतो. काही बाळांना असं काहीच दिसत नाही, तरी लस लागू झालेली असते. जन्माच्या वेळी दिल्याची तारीख कार्डावर आहे, तेवढं पुरे. ज्या वाचकांच्या बाळाची जागा सध्या पिकली आहे, त्यांनी तिला काही लावू नये, दाबू नये, पट्टी बांधू नये. आंघोळीला हरकत नाही. डाव्या काखेत एखादी लहान गाठ लागली तर ती बहुधा आपोआप जिरते. गाठ वाढत चालली, मऊ पडली किंवा फुटली तर डॉक्टरांना दाखवा.

आता जुलैच्या सर्दीबद्दल. आईने काळजीपोटी थांबवलं, त्यात दोष कुणाचा नाही. पण पुढे लक्षात असू द्या: वाहतं नाक, हलका खोकला, अंग किंचित गरम, एखाद-दुसरी पातळ शी, चालू असलेलं अँटिबायोटिक, कमी वजन, दात येणं, यांपैकी कशासाठीही लस पुढे ढकलायची नसते. बाळ कमी दिवसांचं असलं तरी सहा आठवडे जन्मतारखेपासूनच मोजायचे, डोसही पूर्णच द्यायचा. लस थांबवायची ती मोठ्या आजारात, म्हणजे जोराचा ताप असेल, बाळ पीत नसेल, धाप लागली असेल किंवा दवाखान्यात दाखल असेल तेव्हा. तेव्हाही बरं वाटलं की त्याच आठवड्यात जायचं, पुढच्या महिन्याची वाट पाहायची नाही. आधीच्या डोसनंतर बाळाला झटके आले असतील, अंगावर गांधी उठून श्वास अडकला असेल, आतड्यात आतडं अडकण्याचा त्रास कधी झाला असेल किंवा घरात जन्मजात प्रतिकारशक्तीच्या कमतरतेचा आजार असेल, तर ते टोचण्याआधी सांगा. अशा वेळी कोणती लस टाळायची हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

लस झाल्यावर अर्धा तास तिथेच बसा. घाई असली तरी बसा. जिवाला धोका होईल अशी ॲलर्जी फार क्वचित येते, पण आलीच तर बहुधा पहिल्या काही मिनिटांत येते आणि तिथे औषध हाताशी असतं.

घरी आल्यावर पेंटाचा ताप साधारण पहिल्या ४८ तासांत येतो आणि जातो. डावी मांडी लाल होते, थोडी सुजते, बाळ पाय हलवताना कुरकुरतं. त्या जागी ओल्या थंड कापडाची घडी ठेवा. ताप यायच्या आधीच औषध पाजून ठेवू नका, आल्यावर द्या. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. तुमच्या ६ किलोच्या मुलीला एका वेळी ६० ते ९० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, दिवसभरात चार वेळांपेक्षा जास्त नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती इथे. पॅरासिटामॉल थेंबांच्या बाटलीत मिळतं आणि सिरपमध्येही. थेंबांच्या बाटलीवर बहुधा ‘१ मिलिमध्ये १०० मिलिग्रॅम’ असं असतं. त्यातून तुमच्या मुलीला ०.६ ते ०.९ मिलि लागेल. ‘५ मिलिमध्ये १२० मिलिग्रॅम’ असं सिरप असेल तर २.५ ते ३.७ मिलि. आणि ‘५ मिलिमध्ये २५०’ असेल तर १.२ ते १.८ मिलि. मागच्या वेळी सिरप तीन मिलि दिलं होतं, म्हणून या वेळी थेंबांच्या बाटलीतून तीन मिलि पाजलं, तर बाळाला एकदम ३०० मिलिग्रॅम जातात, म्हणजे तिप्पट-चौपट. पाजण्याआधी लेबलवरचा आकडा वाचा. घरातल्या चमच्याने मापू नका, बाटलीबरोबर आलेली पिचकारी किंवा टोपण वापरा. बाळ तीन महिन्यांहून लहान असेल, तर लसीनंतरच्या तापातही औषध देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मांडीत सुपारीएवढी घट्ट गाठ काही आठवडे राहू शकते. न दुखणारी असेल तर सोडून द्या. गरम, लाल आणि वाढती असेल तर दाखवा. तासन् तास न थांबणारं किंचाळणं, झटके, अंग एकदम सैल पडून पांढरं होणं, दूध पूर्ण सोडणं, दोन दिवसांनंतरही ताप, यांपैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता दवाखाना गाठा. रोटाच्या डोसनंतर आठवडाभर आणखी एक लक्षण ध्यानात ठेवा: बाळ थांबून थांबून कळवळून रडतं, उलट्या करतं आणि शीतून लालसर, जेलीसारखं रक्त पडतं. हे फार दुर्मीळ आहे, पण दिसलं तर रात्रीचे बारा वाजले असले तरी निघा.

८ ऑक्टोबरनंतर चार महिने एकही डोस नाही, आणि विसर नेमका इथेच पडतो. ४ फेब्रुवारीला मुलगी नऊ महिने पूर्ण करेल. त्या आठवड्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, एफआयपीव्हीचा तिसरा डोस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस: १ मिलि, म्हणजे १ लाख युनिट. जपानी मेंदूज्वराची लस फक्त ठरावीक जिल्ह्यांत दिली जाते, विदर्भातले काही जिल्हे त्यात आधीपासून आहेत. तुमच्या भागात ती आहे का, हे तेव्हा विचारून घ्या. एफआयपीव्हीचा तिसरा डोस जानेवारी २०२३ पासून आला, त्यामुळे त्याआधी छापलेल्या कार्डांत त्याचा रकाना नसतो. रकाना नाही म्हणून डोस सोडू नका, तारीख बाजूला लिहून घ्या.

गोवराची लस आधी का देत नाहीत? आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि जिवंत, दुबळा केलेला लसीचा विषाणू मारून टाकतात. नवव्या महिन्यापर्यंत ती बरीच ओसरतात. त्यानंतर उशीर करायला मात्र जागा नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, मुलं दगावली आणि आजारी पडलेल्यांत लस न मिळालेली मुलं पुष्कळ होती. साथ असलेल्या भागांत तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस दिला गेला. असा डोस कुणाच्या मुलाला मिळाला असेल, तर तो हिशेबात धरायचा नाही, पुढचे दोन्ही घ्यायचेच. गोवराच्या लसीचा ताप लगेच येत नाही, पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो, कधी बारीक पुरळही उठतं. त्याचा कुणाला संसर्ग होत नाही.

गोवर-रुबेला आणि बीसीजीची एक अडचण अशी की बाटली एकदा पाणी घालून कालवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून देतात. शिळी वापरली तर त्यात जंतू वाढून बाळाच्या जिवावर बेतू शकतं. पेंटा, पीसीव्ही, एफआयपीव्ही यांच्या उघडलेल्या बाटल्या नीट थंड ठेवल्या तर २८ दिवस चालतात. म्हणून दवाखान्यात गोवराचा वार वेगळा ठरवलेला असू शकतो. फेब्रुवारीत जाण्याआधी फोन करून वार विचारा म्हणजे हेलपाटा वाचेल. बाटली पाहायची असेल तर निःसंकोच पाहा: लेबलवर किंवा झाकणावर एक गोल आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल तर लस ठीक. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर त्या बाटलीला उष्णता लागलेली आहे, ती वापरायची नाही.

पुढचा टप्पा १६ ते २४ महिन्यांचा, तुमच्यासाठी पुढच्या वर्षीच्या ४ सप्टेंबरपासून: डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओ थेंबांचा बूस्टर, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि अ जीवनसत्त्व २ मिलि. अ जीवनसत्त्व त्यानंतर दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत. शाळेत जायच्या वयात, ५ ते ६ वर्षांत, डीपीटीचा दुसरा बूस्टर, आणि मग दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस.

सरकारी यादीबाहेरच्या लसींबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दवाखान्यात फलक पाहून मनात येईल. बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांनंतर फ्लूची लस (पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन, मग दरवर्षी एक), सहा ते नऊ महिन्यांत टायफॉइडची, वर्षानंतर हिपॅटायटिस-अ आणि पंधराव्या महिन्यापासून कांजिण्यांची सुचवतात. या लसी चांगल्या आहेत, पण सरकारी यादीला पर्याय नाहीत. पैसे बेताचे असतील तर आमच्या मते पहिला क्रमांक टायफॉइडचा: डोस एकच, आणि आपल्याकडे पाण्यातून होणारा हा आजार सर्रास आहे. बाळाला दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी फ्लूची.

ज्या वाचकांचं बाळंतपण जवळ आलं आहे त्यांच्यासाठी एवढंच: कावीळ-बची लस जन्मल्यावर २४ तासांच्या आत मिळाली पाहिजे. आईच्या रक्तात तो विषाणू असेल तर प्रसूतीच्या वेळी तो बाळाकडे जातो, आणि जन्मतः लागण झालेल्या दहांतल्या नऊ बाळांत तो कायमचा ठाण मांडतो. गरोदरपणातच तपासणी करून घ्या. ती पॉझिटिव्ह असेल तर बाळाला १२ तासांच्या आत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांची सुई) द्यावं लागतं, आणि ते दवाखान्यात आधीच मागवून ठेवायला सांगावं लागतं.

ताई, कार्डाचा आज मोबाइलवर फोटो काढा, पुढच्या मागच्या दोन्ही बाजूंचा, आणि तो बाळाच्या बाबांनाही पाठवा. दवाखान्यात यू-विनवर (लसीकरणाची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंद करताना तुमचा चालू नंबर द्या. माहेरच्या नोंदीत बंद पडलेला नंबर असेल तर तो बदलून घ्या. आणि दिवाळीला माहेरी जाणार असाल तर कार्ड बाळाच्या कपड्यांच्या पिशवीतच ठेवा. ८ ऑक्टोबरचा डोस पुण्यात काही कारणाने राहिलाच, तर तो तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रातही मिळेल, जिथे पहिला मिळाला होता.